महाग? कशापेक्षा?

दुकानात येऊन कुणी शर्टाच्या कॉलरमागची किंमत वाचली आणि "महाग आहे हो" म्हणालं, की बाई शिवणावरची मान वर करायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "कशापेक्षा?"

मग गप्प. उत्तर येईपर्यंत पुढचा शब्द नाही. गिऱ्हाईक आधी हसायचं, मग इकडेतिकडे बघायचं.

"नाही म्हणजे, बाहेर फुटपाथवर तर ह्याच्या निम्म्यात मिळतो."

"तोच? हाच शर्ट?"

"असाच. कॉटनचाच."

"मग तो घ्या की. इथे कशाला पाय मोडलेत?"

दुकान चालवायची ही रीत नव्हे, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. पण 'महाग' हा शब्द एकटा बोललेला त्यांना चालायचा नाही. महाग म्हणालात तर कशापेक्षा ते सांगा, नाहीतर म्हणू नका. पुढे पुढे ही सवय इतकी जडली की कापडाबाहेरही सुटेना. 'आज फार उकडतंय' म्हटलं की कशापेक्षा. 'चहा गोड झालाय' म्हटलं की कशापेक्षा. त्यांच्याकडे मशीनवर बसणाऱ्या सुनंदाताई एकदा कपाळ धरून म्हणाल्या, "बाई, आज डोकं जास्त दुखतंय." बाईंनी तोंड उघडायच्या आत त्यांनीच पुढचं सांगून टाकलं, "कालच्यापेक्षा. जाऊ का घरी?"

बाईंचा गाळा लालबागला, मसाल्याच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. पुढे दिवसभर डंकात मिरच्या कुटल्या जायच्या आणि मागे बाईंच्या शेल्फांवर पांढरे कुर्ते, शर्ट, झबली. ऑरगॅनिक कापसाचे, म्हणजे रासायनिक खत आणि फवारणी न करता पिकवलेल्या, आणि शेतापासून शिलाईपर्यंत दुसऱ्या कापसात मिसळू न दिलेल्या कापसाचे. सगळ्याला गरम मसाल्याचा वास. कुर्ता घालून बघताना माणसं शिंकायची. तक्रार केली तर बाई म्हणायच्या, "कापूस आहे, वास घेणारच. पॉलिस्टरला कशाचंच काही वाटत नाही, ते घ्या."

त्या मूळच्या मालवणकडच्या, राहायला दादरला, शिवाजी पार्काच्या मागच्या बाजूला. बोलणं एरवी अगदी शुद्ध, डोकं फिरलं की मालवणी. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका कपडे निर्यात करणाऱ्या कंपनीच्या खरेदी खात्यात काढली. काम एकच, समोरच्याचा भाव खाली आणायचा. कापडवाल्याला सूतवाल्याचं भय दाखवायचं, सूतवाल्याला परदेशातल्या मालाचं. ह्यात त्या इतक्या तरबेज होत्या की कंपनीनं त्यांचा दोनदा सत्कार केला. मी एकदा बोलता बोलता म्हणाले, "यंदा कापसाचा भाव पडलाय." तर म्हणाल्या, "भाव पडत नाही गो. पाडतात. मी पाडलेत, मला माहिती आहे कुठे हात घालायचा ते." निवृत्तीनंतर त्यांनी हा गाळा घेतला आणि दारावर पाटी लावली, 'भाव करू नये'. ज्या बाईनं जन्मभर दुसरं काही केलं नाही, तिनं.

आमची ओळख भांडणातून झाली. आम्ही काही मुलं-मुली शेतातल्या विषारी फवारणीविरुद्ध आणि फेकाऊ कपड्यांविरुद्ध मोहीम चालवतो. मी पत्रकं लिहिते. मोर्चासाठी टी-शर्ट हवे होते, तेही ऑरगॅनिक, नाहीतर आम्हालाच लोक हसले असते. किंमत ऐकून मी म्हणाले, "चळवळीसाठी आहे. थोडं कमी करा."

"चळवळीला सूट द्यायची कुणी? मी?"

"तुम्ही. तुम्हीही ह्याच विचाराच्या ना?"

"विचार माझा आहे. शर्ट सुनंदानं शिवलाय. तिची मजुरी कापू?"

मशीनवरून सुनंदाताई म्हणाल्या, "माझी नको. ह्यांच्या घोषणा कापा. पाठीवर एवढं लिहायचंय की वाचेपर्यंत मोर्चा निघून जाईल."

शर्ट कमी घेतले, पूर्ण भावानं घेतले, घोषणाही छोटी केली. आणि मी त्या गाळ्यावर जायला लागले ती लागलेच.

आता किमतीचं बोलते, कारण ह्या विषयावर मला रोज कुणीतरी अक्कल शिकवतं. ऑरगॅनिक म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं म्हणणारे बहुतेक जण स्वतः काही गरीब नसतात. बाईंचं गणित मी त्यांच्याच शब्दांत सांगते. "शेतात फरक असतो चिंचोक्याएवढा. निंदणी हातानं, पीक थोडं कमी, तपासणीचा खर्च. मग सरकी काढणारा जिनिंगवाला म्हणतो, तुमचा माल मूठभर, त्यासाठी माझी मशीनं थांबवून साफ करायची, वेगळे पैसे पडतील. सूतवाला तेच म्हणतो. रंगवाला तेच. आणि प्रत्येक जण आपला नफा लावतो टक्क्यांत, म्हणजे त्या चिंचोक्यावरसुद्धा नफा, त्या नफ्यावर पुढच्याचा नफा. माझ्या काउंटरला येईतो चिंचोक्याचा फणस होतो. आणि लोक म्हणतात शेतकऱ्यानं महाग केला."

त्यांनी स्वतः हा फणस वाढवायचं नाकारलं होतं. गाळ्याचं भाडं निघावं म्हणून त्या साध्या कापसाचंही काम घ्यायच्या, अॅप्रन, गणवेश, उशीचे अभ्रे. दोन्हीची शिलाई एकच लावायच्या. "हात तोच, सुई तीच. फरकावर मी नफा खाणार नाही." धंद्यातले लोक ह्यावर हसायचे. हसोत.

फक्त दोन्ही कापड एका टेबलावर येऊ द्यायचं नाही, हा कडक नियम. खिडकीजवळचं टेबल ऑरगॅनिकचं, आतलं साध्याचं. कात्र्या वेगळ्या, बॉबिन वेगळे, मशीन बदलताना आधी फडक्यानं पुसून घ्यायचं. एकदा मी साध्या कापडाचा तागा खिडकीच्या टेबलावर ठेवला तर बाई ओरडल्या, "अगो, उचल आधी. ते सोवळ्याचं टेबल आहे."

मी तागा उचलला नाही. म्हणाले, "बाई, हा शब्द मागे घ्या."

"कुठला?"

"सोवळं. आमच्या घरात हा शब्द चालत नाही. माझ्या पणजोबांना ह्या शब्दानं विहिरीवरून हाकललंय."

सुनंदाताईंचं मशीन थांबलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरोबर आहे तुझं," म्हणाल्या. "आमच्या घरात तो इतका स्वस्त होता की मी त्याची किंमतच कधी विचारली नाही."

दुसऱ्या दिवशी गेले तर टेबलावर पुठ्ठा होता, 'वेगळं टेबल'.

मी म्हटलं, "हेही नको. माझ्या आजीसाठी लोक चहाचा कप वेगळा ठेवायचे, कळलं ना?"

"मग काय म्हणू? पवित्र म्हणायचं नाही, शुद्ध म्हणायचं नाही, वेगळं म्हणायचं नाही. कामाला शब्द हवा ना गो."

सुनंदाताईंनी पुठ्ठा उलटा केला आणि त्यावर खडूनं लिहिलं, 'खिडकी'. तेव्हापासून ते खिडकीचं टेबल. साधं कापड नीच नाही आणि ऑरगॅनिक ब्राह्मण नाही, दोन्ही कापूसच. मिसळायचं नाही ते गिऱ्हाइकाशी खोटं बोलायला लागू नये म्हणून, एवढंच. हे वाक्य बाईंचं नाही, माझं आहे. पण त्यांनी ते पुढे सगळ्यांना स्वतःचं म्हणून ऐकवलं आणि मी हरकत घेतली नाही.

माझ्या पत्रकांचे मात्र त्यांनी हाल केले. गिरगावातल्या छापखान्यात द्यायच्या आधी एक पत्रक दाखवायला नेलं होतं. त्यात मी लिहिलं होतं, 'ऑरगॅनिक कापसाच्या किमतीत फक्त थोडासाच फरक असतो!' बाईंनी पेन्सिल घेतली. 'फक्त' खोडलं. 'थोडासाच' खोडलं. शेवटचं उद्गारचिन्ह खोडलं. उरलं ते असं, 'ऑरगॅनिक कापसाच्या किमतीत फरक असतो.'

"आता छाप."

"ह्यात काय राहिलं, बाई? हे वाचून कोण रस्त्यावर येईल?"

"खोटं वाचून रस्त्यावर आलेला माणूस दुकानात येतो, किंमत बघतो आणि परत जातो. मग तो पुन्हा तुझंही पत्रक घेत नाही आणि माझाही शर्ट घेत नाही."

मी तेव्हा वाद घातला आणि आजही घालते. समोरचे लोक जाहिरातींच्या मोठाल्या फलकांवर वाट्टेल ते लिहितात आणि आम्ही आमचा एक 'फक्त'सुद्धा खोडायचा? पण बाईंना ह्यात तडजोड माहीत नव्हती. पत्रक त्यांच्या शब्दांत छापलं. एका पोरानं ते वाचून विचारलं, "हे आपल्या बाजूचं आहे की त्यांच्या?"

त्याच्या नंतरची दिवाळी. बाईंच्या डोक्यात आलं की आता लोकांना डोळ्यांना दिसेल असं काही करायचं. दारात दोन दांड्या लावल्या. दोन्हींवर अगदी सारखे पांढरे कुर्ते, एका मापाचे, एका शिलाईचे. डावीकडे साधा कापूस, वर पाटी, 'अर्धी किंमत'. उजवीकडे ऑरगॅनिक, वर पाटी, 'पूर्ण किंमत'. त्यांचं म्हणणं असं की साध्या कपड्याची अर्धीच किंमत दुकानात दिली जाते. उरलेली अर्धी शेतात फवारणी करणारा देतो, तिथलं पाणी पिणारा देतो. हे लोकांना पाटी वाचून कळेल.

लोकांना सेल लागलाय असं कळलं. दिवाळीच्या तोंडावर लालबागमध्ये 'अर्धी किंमत' लिहिल्यावर दुसरं काय कळणार? दुपारपर्यंत डावी दांडी रिकामी. एक गृहस्थ उजव्या दांडीशी उभे राहून विचारत होते, "ह्याच्यावर डिस्काउंट कधी लागणार? तसं सांगा, मी तेव्हा येतो." बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मालवणी सुरू झालं. "तुमका काय वाटता? कापूस काय शर्ट होवनच झाडावरसून पडता?" गृहस्थ म्हणाले, "आम्ही राजापूरचे, आमका मालवणी कळता. डिस्काउंट सांगा."

सबंध गर्दीत एका मावशींनी मात्र पाटी नीट वाचली होती. परळच्या होत्या, हातात कुर्ता, मुलासाठी. त्यांनी हळूच विचारलं, "अर्धे आत्ता. मग उरलेले अर्धे पुढच्या महिन्यात द्यायचे ना? हप्ता आहे ना हा?"

बाई खुर्चीवरून उठल्या. "मावशी, तुम्ही एकट्याच नीट वाचलंत. हप्ताच आहे. पण तो तुम्ही नाही भरायचा. दुसरं कुणी भरणारे."

"कोण?"

"जिथे हा कापूस पिकला तिथला माणूस. फवारा पाठीला बांधून फिरतो तो."

मावशींनी कुर्त्याकडे पाहिलं. "त्याला ठाऊक आहे का, त्याच्या नावावर हप्ता लागलाय ते?"

मावशींनी तोच साधा कुर्ता घेतला, "आज एवढंच जमतंय," म्हणाल्या आणि गेल्या. बाईंनी संध्याकाळी दोन्ही पाट्या उतरवल्या. मला म्हणाल्या, "मावशींनी खरेदी केली ती चूक नाही हं. त्यांच्यावर पत्रक लिहू नको."

मी त्यांच्यावर लिहिणारच नव्हते. माझा राग मावशींवर कधीच नव्हता. पण ह्या शहरात किमतीचा प्रश्न कायम मावशींनाच विचारला जातो. ज्यांना दोन्ही दांड्या विकत घेता येतात त्यांना कुणी विचारत नाही.

शाळेचं प्रकरण ह्यानंतरच्या उन्हाळ्यातलं. गाळ्याच्या मालकानं बाईंना सांगून ठेवलं होतं की मे महिन्यानंतर भाडं वाढेल, झेपत नसेल तर गाळा सोडा. म्हणजे गाळा जाणार आणि सुनंदाताईंचं काम जाणार, जर मोठं काम हाती आलं नाही तर. त्याच वेळी परळच्या एका शाळेनं गणवेश बदलायचं ठरवलं. आम्ही मोहिमेतल्या लोकांनी पालक समितीच्या मागे लागून, पत्रकं वाटून, चाळीचाळींत जाऊन एवढं केलं की गणवेश ऑरगॅनिक कापसाचा असावा आणि शिलाई बाईंकडे द्यावी, हे दोन्ही समितीपुढे आलं. वर्षभराचं काम. गाळा वाचत होता.

सभा शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी सकाळी. समितीचे अध्यक्ष एका कुरियर कंपनीत सुपरवायझर, उत्साही माणूस. त्यांनी एका कापडाच्या एजंटलाही बोलावलं होतं. एजंटनं निळ्या कापडाचा तुकडा सगळ्यांच्या हातातून फिरवला आणि भाव सांगितला. हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. ऑरगॅनिक, आणि भाव जवळजवळ साध्या कापडाचा.

अध्यक्ष उभे राहिले. "बघा. उगाच लोक महाग महाग करतात. बाई, कापड ह्यांचं, शिलाई तुमची. कॉलरमागे लेबल लावू, शंभर टक्के ऑरगॅनिक. ठरलं?"

मी टाळ्या वाजवायला हात वर केले होते. बाईंनी फक्त 'हो' म्हणायचं होतं.

त्यांनी तुकडा हातात घेतला, एजंटकडे बघितलं. "साध्याच्या भावात कसं बसवलंत?"

"व्हॉल्यूम, मॅडम. मोठ्या ऑर्डरला भाव खाली येतो."

"व्हॉल्यूम वाढवला की फवारणी कमी होते?"

मागे दोघं-तिघं हसले. एजंटनं एक सर्टिफिकेट पुढे केलं. बाईंनी ते पूर्ण वाचलं. "हे सूतगिरणीचं आहे. त्या गिरणीत ऑरगॅनिक सूत काढतात, एवढंच हे सांगतं. ह्या कापडात तेच सूत आहे ह्याचा कागद कुठे आहे? तो प्रत्येक विक्रीमागे वेगळा निघतो."

"येईल ना, मॅडम. प्रोसेसमध्ये आहे."

"मग लेबलावरही तसंच छापा. शंभर टक्के प्रोसेसमध्ये."

अध्यक्षांचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, "कापड वाईट नाही. मी हेच शिवते, ह्याच मजुरीत. फक्त लेबल 'साधा कापूस' असं लावते. कागद आला की बदलू."

"बाई, असं कसं? पालकांना मी काय सांगू? त्याच पैशात ऑरगॅनिक मिळत होतं आणि आपण साधं घेतलं?"

"एक चिंधी लावल्यानं कुणाचं काय बिघडतंय?" मागून कुणीतरी म्हणालं.

पहिल्या रांगेत एक नर्सबाई बसल्या होत्या, रात्रपाळी करून थेट आलेल्या. त्यांनी विचारलं, "बाई, खऱ्या ऑरगॅनिकचा भाव किती पडेल, ते सांगा ना."

मी बाईंच्या कोपराला हात लावला. त्या हळू सांगतील, आधी फायदे सांगतील, असं मला वाटलं. त्यांनी सरळ सांगितलं, "ह्याच्या दीडपटीच्या वर."

"महाग आहे."

आणि बाईंनी 'कशापेक्षा' विचारलं नाही. म्हणाल्या, "आहे."

"दोन पोरं आहेत माझी. एका गणवेशावर भागत नाही, रोज धुवायला मी घरी नसते."

"मग घेऊ नका. साधं घ्या. साधं घालण्यात काही कमीपणा नाही. साध्याला खोटं नाव लावून पोरांच्या मानेवर बांधायचं, तेवढं नको. ही वरची किंमत ज्याला झेपते त्यानं द्यावी."

मी उठून म्हणाले, "शाळा चालवणाऱ्या ट्रस्टनं द्यावी. शाळेच्या आवारातला हॉल लग्नांना भाड्यानं जातो, त्यातून फरक भरा." ट्रस्टचे प्रतिनिधी मोबाईलमध्ये बघत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं की हा विषय आजच्या सभेच्या कामकाजात नाही. अध्यक्षांनी हात वर करायला लावले. मंजूर झालं एजंटचं कापड, एजंटचं लेबल आणि शिलाईही एजंटच्याच वडाळ्याच्या कारखान्यात. नर्सबाईंनी हात वर केला नाही, एवढं मी पाहिलं.

सुनंदाताई जिन्यात थांबल्या होत्या. आमची तोंडं बघून त्यांना कळलं. त्या बाईंना म्हणाल्या, "एक लेबल लावायचं होतं, बाई. हातभर पण नाही, बोटभर."

"खोटं होतं ते, सुनंदा."

"असेल. तुमचं खरं माझ्या मशीनवर चालतं, ते बंद पडलं की तुम्हाला पेन्शन आहे. मला काय आहे?"

बाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वडाळ्याचा कारखाना तुझ्या घराजवळ आहे. त्यांना हात लागतील. जा. मजुरी बोलून घे, कमी सांगितली तर मला फोन कर. मला भाव पाडता येतो तसा चढवताही येतो."

सुनंदाताई वडाळ्याच्या कारखान्यात कामाला लागल्या. मे महिन्यात गाळा सुटला. खिडकीचं टेबल एका शिंप्यानं नेलं, दुसरं आम्ही मोहिमेच्या खोलीत आणलं. आजही पत्रकांच्या घड्या त्यावरच घालतो. एक मशीन बाईंनी घरी नेलं. आमच्यातलेच काही जण मला म्हणाले, "बघितलंस? एवढी ताठ राहिली, काय मिळालं?" अरे, काय मिळायचं होतं? एका बाईनं भर सभेत सांगितलं की खरी वस्तू महाग आहे आणि स्वस्तात मिळते ती खोटी आहे. एवढ्या गर्दीत तिला एकटीला हे बोलावं लागलं, ह्याची लाज इतरांना वाटली पाहिजे. तिला हरली म्हणणाऱ्यांनी कधी एक धागा तरी सरळ धरलाय का?

शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात सकाळी बाईंचा फोन, "शाळेच्या गेटवर ये. पत्रकं आणू नको."

गेले तर बाई गेटबाहेर फुटपाथवर स्टूल टाकून बसलेल्या, मांडीवर टॉवेल, हातात शिवण उसवायचं छोटं पातं. समोर निळ्या गणवेशातल्या पोरांची रांग, बरोबर आया. मला वाटलं बाईंनी भाषण दिलं असेल. भाषण नव्हतंच. प्लास्टिकच्या कडक फितीचं लेबल कॉलरच्या आत टोचत होतं आणि पोरं माना खाजवून लाल करत होती. बाई येणाऱ्या आईला एवढंच विचारत होत्या, "मानेला टोचतं का? काढून देऊ?"

"बरं होईल हो. रात्रभर खाजवतोय. किती घ्याल?"

"काही नाही."

एका आईनं विचारलं, "पण काढल्यावर ऑरगॅनिक राहील ना?" बाई म्हणाल्या, "आधी होतं तेवढंच राहील."

लेबल पात्यानं जपून उसवावं लागेल असं बाईंना वाटलं होतं. पण पहिल्या पोराच्या कॉलरला पातं लावायच्या आधीच धागा हलला. बाईंनी टोक चिमटीत धरलं, ओढलं, आणि सबंध लेबल एका ओढीत हातात आलं. कॉलरला भोकसुद्धा नाही. दुसऱ्याचंही तसंच. तिसऱ्याचंही. बाईंनी कॉलर उलटी करून डोळ्यांजवळ नेली. बाकी सगळी शिलाई बारीक, घट्ट, न सुटणारी. लेबलाचा टाका तेवढा लांब आणि सैल, कच्चा घालतात तसा, आणि शेवटाला गाठ नाही.

"सुनंदा," त्या म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं, बराच वेळ आवरेना. रांगेतली पोरं त्यांच्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात वॉचमननं सांगितलं म्हणून अध्यक्ष आले, लेकीला सोडायला आलेच होते. "बाई, हे काय चालवलंय? परवानगी घेतलीत का?"

"घेतली."

"कुणाची?"

बाईंनी रांगेकडे बोट दाखवलं. अध्यक्षांची लेक वडिलांचा हात सोडून तोवर पुढे आली होती. तिनं वेणी एका बाजूला घेतली आणि बाईंसमोर मान वाकवली.

"पप्पा, थांब ना. टोचतंय."

अध्यक्ष थांबले. बाईंनी धाग्याचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं.